बायकोच्या नावचं औषध

…गोळीच्या मधोमध एक बारीक रेघ, तिथूनच ती मोडायची, पण लसादच्या अंगठ्याखाली ती नुसतीच घसरत राहिली. त्याच्या बायकोने, सिहेमने, हरीसाची तिखट चटणी लावलेला पाव खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"दे इकडे. एवढं थोरलं विमान उतरवतोस, आणि गोळी मोडत नाही तुला."

टक्कन अर्धी झाली. आज, तपासणीच्या दिवशी, ती घ्यायलाच हवी असं नव्हतं, सोबतचा वैमानिक रफीक याच्या मते तर मुळीच घ्यायला नको होती. दक्षिणेत, वाळवंटातल्या तेलविहिरींवर कामगारांना नेऊन सोडणारे हे सगळे वैमानिक. कुणाचा रक्तदाब चढलेला, कुणाची झोप उडालेली, आणि सगळ्यांची औषधं बायकोच्या नावावर… तळावरची रीतच ती. वार्षिक तपासणीत डॉक्टर विचारतो, काही औषध चालू आहे का, आणि सगळे छाती काढून 'नाही' म्हणतात. रफीकने कानमंत्र दिला होता — थोडे दिवस बंद कर, हसत आत जा, परवाना हाती पडला की पुन्हा चालू.

गेल्या वर्षी तसंच केलं होतं. आणि मग ती दुपार — समोर धावपट्टी, उंचीचा काटा उतरतोय, शेजारचा पोरगेला सहवैमानिक काहीतरी म्हणतोय, पुन्हा म्हणतोय, आणि मला ऐकू येतंय, सगळं नीट ऐकू येतंय, फक्त त्याचं काही वाटत नाहीये… पोराने हात घातला म्हणून निभावलं. मागे बसलेले कामगार उतरताना 'अल्ला सलामत ठेवो, कॅप्टन' म्हणाले. त्या 'कॅप्टन'ची लाज वाटली होती, खरीखुरी, पोटातून.

पण खरं बोलायचं ठरलं ते त्या दुपारी नव्हे. स्फाक्सच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, वाळवलेल्या मासळीच्या वासातून तपासणीला चालत जाताना त्याला हे कबूल करावंच लागलं. त्या दुपारीसुद्धा त्याने स्वतःची समजूत घातली होती. ठरलं ते बहिणीच्या बाळाच्या बारशाला. औषधवाल्या हेदीने सिहेमच्या नावावरच्या गोळ्यांचं कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला, आणि उम्मीने, त्याच्या आईने, साऱ्या गोतावळ्यात डोळे पुसले होते — माझ्या लसादच्या नशिबी अशी डोक्याने दुबळी बायको! वाईट मनाने नव्हे. उम्मीने सिहेमला दर्ग्यावरही नेलं, मंतरलेलं पाणी पाजलं; सिहेम धुपाचा वास अंगाला घेऊन घरी आली आणि दारातच हसत सुटली. "आता तू बरा होशील बघ," म्हणाली.

बारशाला मात्र ती हसली नाही. बाळ तिच्या मांडीवर होतं, मूठ तिच्या बोटाभोवती. उम्मी आली आणि सगळ्यांदेखत बाळ उचललं. "दे गं इकडे. तुझं औषध चालू आहे." सिहेमचे हात तसेच राहिले, बाळाच्या आकाराचे. आणि मी बदामाच्या मिठाईचं ताट धरून उभा — सहा फुटी, सोनेरी पट्ट्यांचा कॅप्टन — ताट पुढच्या पाहुण्याकडे नेलं.

तपासणीचा डॉक्टर म्हातारा होता, लष्करातून निवृत्त झालेला. डोळे झाले, कान झाले, छाती ठोकून झाली.

"काही औषध?"

"आहे."

डॉक्टरने चष्मा कपाळावर सरकवला. "काय म्हणालात?"

"मन खचण्याचं. रोज अर्धी गोळी. खोक्यावर बायकोचं नाव आहे, पण औषध माझं आहे. मागच्या वर्षी तुमच्याशी खोटं बोललो. गोळी बंद करून उडालो तेव्हा विमान हातचं जाणार होतं. घेतो तेव्हा बरा असतो."

 म्हातारा खुर्चीत मागे रेलला. "इतकी वर्षं विचारतोय. कॅप्टन सगळे ठणठणीत. बायका तेवढ्या आजारी! मला वाटायला लागलं होतं, या गावात वैमानिकाशी लग्न करणंच प्रकृतीला वाईट."

लसादला हसू आलं, आणि ते आल्याचं नवलही वाटलं.

"हसू नका. आजपासून विमान बंद. काही महिने गोळीवर स्थिर राहिलात, तर मनाच्या डॉक्टरकडे पाठवीन, वैद्यकीय मंडळापुढे तुमचं प्रकरण ठेवीन. परवाना परत मिळेलच असं मी म्हणत नाही."

"मिळवीन."

"ते मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. पण या. पुन्हा या."

जिन्यावर तो थांबला. डॉक्टरला सांगणं हे सोपं काम होतं हे त्याला आत्ता कळत होतं. अवघड काम फोनच्या पलीकडे बसून शेंगा सोलत असणार. त्याने नंबर लावला.

"उम्मी, सिहेमला काही झालेलं नाही."

"पाण्याचा गुण आला म्हण की!"

"पाण्याचा नाही. ती आजारी नव्हतीच कधी."

"मग ते औषध?"

पलीकडे भांड्याचा आवाज थांबला. मागे माणसं बसलेली असताना, वादळात विमान हेलकावत असताना, 'पट्टे बांधून घ्या' म्हणताना त्याचा आवाज कधी हलला नव्हता. लोक त्या आवाजावर विसंबून डोळे मिटायचे. तसा आवाज काढणं आत्ताही त्याला जमलं असतं.

"माझं आहे, उम्मी," तो म्हणाला, आणि आवाज कापला, आणि त्याने तो कापू दिला.