फलकावर मावेल तेवढी क्षमा

बाळाचा बाप्तिस्मा झाला आणि धर्मपिता म्हणून बाळाचा आजोबाच उभा राहिला. आजोबा म्हणजे पेंटर. चर्चच्या मंडळीच्या इतिवृत्तात मात्र असं काही घडल्याची नोंद नाही. तेव्हा आपणही ते घडलेलंच नाही असं धरून चालू आणि पेंटर अजून काळजीत आहे, तिथून सुरुवात करू.

पेंटर काळजीत होता, कारण तो निलंबित होता. मुलीच्या लग्नात तो साडेतीन मिनिटं नाचला होता. नियम एकोणीस: सभासदाने नाचू नये, नाचल्यास दोन वर्षे मागच्या बाकावर बसावे व कोणाच्याही बाप्तिस्म्याला पुढे उभे राहू नये. साडेतीन मिनिटांचा आकडा मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांनी घड्याळ लावून काढला होता. वजनमाप खात्यातून ते निवृत्त झाले होते. सवय मात्र अजून सेवेत होती.

मुलगी हटून बसली होती. "बाबा उभे राहणार नसतील तर बाप्तिस्माच नको."

"अगं, तुझा काका आहे की."

"काकाने मला सायकल शिकवली का? मी तापाने फणफणले तेव्हा उशाशी काका बसला होता का?"

काकाला सायकल स्वतःलाही येत नव्हती.

अशात चर्चमध्ये नवा फलक लावायचं ठरलं, आणि फलक रंगवणारा आसपास दुसरा कोणी नव्हता. निलंबित माणसाने चर्चमध्ये ब्रश धरू नये असा नियम नव्हता. राहून गेला होता.

फळी आठ फूट बाय चार. वर विश्वासांगीकार, म्हणजे दर रविवारी सगळे मिळून म्हणतात ती श्रद्धेची कबुली, आणि खाली नियम, एकूण त्रेचाळीस. पेंटरने दोरी लावून खडूच्या रेघा मारल्या, तर नियम बत्तीसपाशीच फळी संपली.

"विश्वास जरा आवरता घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "त्यातलं पिलाताचं नाव काढता येईल. येशूला वधस्तंभी देणारा माणूस. तो काही आपला सभासद नाही."

"आणि शिट्टी वाजवण्याबद्दलचे तीन नियम एकत्र केले तर?"

"अहो, एक बसून, एक उभ्याने आणि एक चालताना. एकत्र कसे करणार?"

"बरं, मग अक्षरं केवढी काढू?"

"महत्त्वाप्रमाणे," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी तसं लेखी दिलं. ते सगळंच लेखी देत.

पेंटर तो कागद घेऊन चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांच्याकडे गेला. पाळकसाहेब स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले होते.

"साहेब, या सगळ्यात महत्त्वाचं काय हो?"

पाळकसाहेबांचा हात थांबला. "विश्वासांगीकारातली पापांची क्षमा. ती नसती तर रविवारी फक्त बाकं हजर असती. मीसुद्धा नसतो."

"आणि नियम?"

"नियमही हवेत. शंभर माणसं एका छपराखाली बसायची म्हणजे काहीतरी लागतंच. पण नियमांसाठी कोणी वधस्तंभावर गेल्याचं माझ्या तरी वाचनात नाही." त्यांनी पुढची शेंग उचलली. "का रे?"

"काही नाही. अक्षरांचा प्रश्न होता."

रविवारी फलकावरचं कापड ओढलं. 'पापांची क्षमा' या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. उरलेला विश्वासांगीकार, पिलातासकट, तिच्या अंगाखांद्यावर बसवला होता. नियम त्रेचाळीसच्या त्रेचाळीस होते, तळाशी चार बोटांच्या पट्टीत, औषधाच्या बाटलीवर असतात तशा अक्षरांत.

मग बाप्तिस्म्याची वेळ झाली, तसा पेंटर बाळाला घेऊन पुढे आला. सेक्रेटरी ताडकन उठले. "आक्षेप!"

आता, आक्षेप घेणाऱ्याने संबंधित नियम फलकावरून मोठ्याने वाचून दाखवावा, हा नियम दोन. तो त्यांनीच केला होता. ते फलकापाशी गेले, वाकले, चष्मा पुसला, आणखी वाकले आणि शेवटी त्यांनी गुडघे टेकले.

इथे घोटाळा झाला. पाठदुखीच्या दाखल्यावर सेक्रेटरी गेली अकरा वर्षं उभ्यानेच प्रार्थना करत होते. ते टेकले, म्हणजे प्रसंग मोठाच असणार. पहिली रांग गुडघ्यांवर गेली, मग दुसरी, मग सगळं चर्च.

"चौदा, शिट्टी... पंधरा, शिट्टी..." सेक्रेटरी पुटपुटत होते.

"बघ गं," मागची एक आजी शेजारणीला म्हणाली, "कसा आतून पश्चात्ताप होतोय त्यांना."

पेंटरने बाळाला पुढे धरलं. पाळकसाहेबांनी बाळाच्या डोक्यावर एकदा पाणी घातलं, दोनदा घातलं, तिसऱ्यांदा घातलं. बाळाने भोकाड पसरलं. मुलगी ओढणीने डोळे पुसत हसत होती.

"एकोणीस!" सेक्रेटरी ओरडले.

"आमेन," मंडळी म्हणाली.

सोमवारी वरिष्ठ कार्यालयाला पत्र गेलं:

"महोदय, आमच्या चर्चमधील फलकावर 'पापांची क्षमा' प्रमाणाबाहेर आढळून आली असून तिच्यामुळे इतर बाबींना जागा उरत नाही. तरी सदर क्षमेची कमाल लांबी व रुंदी ठरवून मिळावी, आणि तोवर तिला तात्पुरती स्थगिती देण्यात यावी, ही विनंती. सोबत मोजपट्टी जोडली आहे."