रविवारी रिकामी राहणारी दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे, कपडे वाळत घालायची. माझ्या गोष्टीत राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत. लंगोट आहेत, मोजे आहेत आणि एक ओली पँट आहे. तेवढ्यावर भागत असेल तर बसा.

माझा जन्म ग्लासगोजवळ, क्लाइड नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. वाखाचे शेकडो धागे पिळून मला वळलं, आणि लुईस बेटावरच्या अँगस नावाच्या कोळ्याने मला त्याच्या होडीसाठी नेलं. हेरिंग माशांची जाळी ओढताना माझ्या अंगाला जो वास लागला तो पुढे वर्षभर गेला नाही. नंतर अँगसच्या छातीने दगा दिला आणि त्याने होडी विकून टाकली. मला मात्र त्याने घरी आणलं. बायकोने, म्हणजे मर्डिनाने, मला सोड्याच्या पाण्यात दोनदा उकळलं. मग अँगसने माझं एक टोक आपल्या परसातल्या खांबाला बांधलं आणि दुसरं शेजारच्या परसात, त्याच्या भावाच्या खांबाला. दोन्ही घरांची मिळून एकच दोरी. सोमवार ते बुधवार मर्डिनाचे, गुरुवार ते शनिवार भावाच्या घरचे.

आणि रविवार कुणाचाच नाही. त्या दिवशी मला सुट्टी.

आमच्या गावात रविवार म्हणजे देवाचा वार. शनिवारी संध्याकाळीच पाणी भरून व्हायचं, बटाटे सोलून व्हायचे, दलदलीतल्या मातीच्या विटा कापून वाळवलेलं सरपण चुलीपाशी येऊन पडायचं. बागेतले झोपाळेसुद्धा बांधून ठेवायचे. रविवारी बेटावर बोट येत नसे, दुकान उघडत नसे, कुणी मोठ्याने हसत नसे. कोंबडा तेवढा आरवायचा, त्याला कोण समजावणार? काळे कपडे घातलेली माणसं देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दुपारी बाराच्या प्रार्थनेला माझ्या समोरच्या रस्त्यावरून जायची आणि मी आकाशाखाली रिकामी डुलत राहायची. खरं सांगते, मला तो दिवस फार आवडायचा.

अँगस गेला. पाठोपाठ त्याचा भाऊही गेला. भावाचा मुलगा नॉर्मन ग्लासगोला नोकरीला होता. त्याने बापाचं घर भाड्याने दिलं, ते वकारला. वकारचा बाप पाकिस्तानातून आलेला. पाठीवर कपड्यांचं गाठोडं टाकून त्याने या बेटावरची दारं पालथी घातली होती, आणि बेटाची गेलिक भाषा तो आमच्या म्हाताऱ्यांइतकीच फर्डी बोलायचा. वकारचं बेटावरच्या मोठ्या गावात, स्टॉर्नोवेला, कापडाचं दुकान होतं. घर देताना नॉर्मनने एकच अट घातली होती. काकूची, म्हणजे मर्डिनाची, तक्रार येता कामा नये. तक्रार आली की घर खाली.

वकार लग्न करून लाहोरहून शगुफ्ताला घेऊन आला. पुढे त्यांना मुलगी झाली. शगुफ्ता आणि मर्डिना, दोघींचं इंग्रजी दोन टोकांचं. दोघी एकमेकींना नमस्काराची मान हलवत आणि आपापल्या दारातून आत जात. वर्षभरात माझ्याखाली उभं राहून त्या दहा वाक्यंही बोलल्या नसतील.

मग तो ऑक्टोबर आला. तीन आठवडे पाऊस थांबायचं नाव घेईना. वकार माल आणायला बोटीने पलीकडे गेला होता, तो सोमवारच्या बोटीनेच परत येणार होता. शगुफ्ताच्या घरात एकही कोरडा लंगोट उरला नव्हता. बाळ तापलेलं, आई जागून जागून अर्धी झालेली. आणि एके सकाळी उठून बघते तो लख्ख ऊन आणि झकास वारा. ती बिचारी टोपली घेऊन धावतच आली आणि माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस लंगोट टांगून मोकळी झाली.

तो रविवार होता.

वकारने तिला कधी सांगितलंच नव्हतं. याच बेटावर वाढलेला तो, त्याच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं असतं हेच त्याला सुचलं नाही. आजवर तिचे कपडे गुरुवार ते शनिवारातच वाळत आले होते, म्हणून चूकही झाली नव्हती. मी तर लाजेने मेले. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, पण दोरीचं कोण ऐकतं?

साडेअकराला रस्त्यावर माणसं दिसू लागली. एकेकाची पावलं माझ्यासमोर आली की मंदावायची. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी बघितलं मात्र. मर्डिना काळी टोपी घालून दाराबाहेर आली, तिने बावीस लंगोट बघितले आणि खाली मान घालून देवळाकडे चालू लागली. अर्धी दोरी तिची, म्हणून अर्धी लाजही तिचीच.

दोन तासांनी माणसं परतली तेव्हा पश्चिमेकडून काळं आभाळ दौडत येत होतं. शगुफ्ताचा पत्ता नव्हता. बाळाला उराशी घेऊन ती बिचारी खुर्चीतच झोपून गेली होती, हे नंतर कळलं. मर्डिना माझ्यापाशी थांबली. ढगाकडे बघितलं, लंगोटांकडे बघितलं. मग तिने हातमोजे काढून खिशात कोंबले आणि एकेक चिमटा काढायला लागली.

मागून केनेथ आला. केनेथ म्हणजे देवळाच्या मंडळीतला वडीलधारा, मुलांना शास्त्र शिकवणारा.

"मर्डिना, आज वार कोणता?" तो म्हणाला.

"तुला आठवत नाही म्हणतोस? आत्ताच तर देवळातून आलास."

"थट्टा नको. हे काम आहे."

"हो, काम आहे. गेल्या वर्षी तुझी मेंढी चिखलात रुतली होती तेव्हा वार कोणता होता, केनेथ?"

केनेथ आपली टोपी सारखी करू लागला.

"चौघांनी मिळून ओढून काढलीत. दयेचं काम रविवारी चालतं, असं तूच पोरांना शिकवतोस. आत तापलेलं लेकरू आहे. ते मेंढीपेक्षा हलकं असेल, पण हिशोबात धर. उभाच आहेस तर ती टोपली इकडे सरकव."

केनेथने टोपली सरकवली, पण पायाने. हाताने उचलली असती तर काम झालं असतं ना.

मर्डिनाने शगुफ्ताचं दार वाजवलं. दारात आलेली शगुफ्ता आधी टोपलीकडे बघत राहिली, मग रस्त्यावरच्या काळ्या कपड्यांकडे. काय झालं ते मर्डिनाने तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं तसा तिचा चेहरा पांढरा पडला.

"मला कुणी सांगितलंच नाही, आंटी."

"आम्ही सांगत नाही, पोरी. आम्ही नुसते बघतो. फार वाईट खोड आहे आमची."

"आमच्या मोहल्ल्यात कुणी चुकलं तर शेजारीण गच्चीवरून ओरडते. साऱ्या गल्लीला कळतं," शगुफ्ता रडत म्हणाली, "पण चुकणाऱ्यालाही कळतं."

"मग तुमचंच बरं," मर्डिना म्हणाली. "डोळे पूस. लंगोट कोरडे आहेत."

त्या दिवसापासून माझ्याखालचं चित्र पालटलं. दोघींनी ठरवलंच की एकमेकींना तोंडावर सांगायचं. मर्डिनाने एकदा प्रेमाने रक्ताचं सॉसेज आणून दिलं, स्टॉर्नोवेची शान ती. शगुफ्ता म्हणाली, "आंटी, हे आम्हाला चालत नाही. रक्त वर्ज्य." मर्डिना म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस, मी दर आठवड्याला आणणार होते." मग खारवलेलं हेरिंग यायला लागलं. शगुफ्ता नमाजासाठी ओढणी डोक्यावर घेई ते मर्डिना खिडकीतून बघायची. एकदा म्हणालीही, "देवापुढे डोकं झाकून जातेस. माझ्या स्वतःच्या भाच्या तर ग्लासगोत उघड्या डोक्याने जातात." शनिवारी संध्याकाळी शगुफ्ता आपले कपडे काढायची तेव्हा मर्डिनाचं सरपणही आत नेऊन टाकायची. मर्डिनाच्या गुडघ्यांना आता ते झेपत नव्हतं.

पण तोवर कुणीतरी त्या रविवारच्या लंगोटांबद्दल ग्लासगोला निनावी पत्र टाकलं होतं. कुणी, ते अख्ख्या गावाला माहीत होतं, त्यामुळे कुणी बोललं नाही. मे महिन्यात नॉर्मन आला, शुक्रवारी, आणि काकूकडे उतरला. वकारला माझ्यासमोरच गाठून म्हणाला, "तक्रार आलीय. माझी अट माहीत आहे ना? सोमवारी सविस्तर बोलू." वकारने मान हलवली. शगुफ्ता चिमटे मोजायच्या मिषाने तिथेच उभी होती. तिच्या हातातून दोन चिमटे गवतात पडले, ते उचलायचं भानही तिला राहिलं नाही. दोन वर्षांत तिने त्या परसात पुदिना रुजवला होता, मुलगी त्या गवतावर चालायला शिकली होती. त्या दोन दिवसांत ती माझ्यापाशी आली की मला नुसती धरून उभी राहायची.

शनिवारी नॉर्मन तळ्यावर मासे पकडायला गेला. मासा एक नाही, पण स्वतः कमरेपर्यंत चिखलात गेला. ग्लासगोहून त्याने पँट आणलेली एकच, बाकी सगळे देवळाचे काळे कपडे. रविवारी सकाळी काकू उठायच्या आत त्याने ती खळबळून काढली आणि शीळ घालत आला. आला तो थेट माझ्या मधोमध पँट टांगून मोकळा. वीस वर्षं शहरात राहून गडी वारच विसरला होता.

शगुफ्ता मुलीला कडेवर घेऊन दारात आली आणि जागीच थबकली. मित्रांनो, मला तिच्या मनातलं दिसत होतं. गप्प बसली तर काय बिघडत होतं? लोक येतील, नॉर्मनची फजिती होईल. बोलली तर ज्याच्या हातात घर, त्यालाच दुखावल्यासारखं होईल. ती आत वळलीसुद्धा. मग परत फिरली आणि गवत तुडवत आली.

"साहेब, ती पँट काढा."

"का? तुमचा वार आहे का आज?" नॉर्मन हसत म्हणाला.

"आज कुणाचाच वार नाही. आज रविवार आहे."

नॉर्मनचं हसू मावळलं. मग तो जरा घुश्शातच म्हणाला, "तुम्ही मला शिकवता? माझा जन्म या घरातला आहे."

"म्हणूनच सांगते. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही, नुसते बघतील. आणि मान खाली जाईल ती आंटीची. मी पाहिलीय ती खाली गेलेली." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "घराचं काय करायचं ते तुम्ही उद्या करा. पण ही आत्ता काढा. साडेअकराला माणसं येतील."

नॉर्मनने पँटकडे बघितलं, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला तो.

"आता काढणं हेही कामच झालं की," तो पुटपुटला.

"दयेचं काम आहे," मागून आवाज आला. मर्डिना दारात उभी होती, किती वेळापासून कोण जाणे. "माझ्यावर दया कर आणि काढ."

नॉर्मनने मुकाट्याने पँट काढली आणि घडी करून काखेत मारली. त्यातलं पाणी त्याच्या बुटात गळत होतं.

"काकू," तो म्हणाला, "तक्रार तुझी नव्हती?"

"नव्हती. आता आहे. तुझ्याविरुद्ध."

शगुफ्ताला हसू फुटलं, तिने ओढणी तोंडाशी धरली. मर्डिना मात्र गंभीरच होती.

"उद्या यांना काय सांगणार होतास?"

"ते उद्या बघू, काकू. आज रविवार."

"चांगली बातमी द्यायला रविवार चालतो. वाईट असेल तर उद्यासुद्धा देऊ नकोस."

नॉर्मनने ओली पँट दुसऱ्या काखेत घेतली. मग शगुफ्ताला म्हणाला, "बाई, हे घर तुमच्याकडेच राहू दे. इथे कसं राहायचं ते माहीत असलेलं माणूस घरात हवं." आणि तो आत निघून गेला, कारण त्याला थंडी वाजत होती.

शगुफ्ता माझा आधार घेऊन रडली. त्यानंतर मला कधी कुणी इतकं घट्ट धरलं नाही.

मित्रांनो, पुढे माझे पीळ सुटले आणि माझ्या जागी प्लॅस्टिकची निळी दोरी आली. आता मी शगुफ्ताच्या कोठीत सरपणाच्या पोत्यांची तोंडं आवळते. दुर्लक्ष म्हणाल तर तेही थोडं झालंच, पण कोरड्यात आहे, कामात आहे, आणि काय हवं? एकच मागणं आहे. तुमच्या शेजारी कुणी दुरून राहायला आलं, तर खिडकीतून बघत बसू नका. जा, दार वाजवा, आणि आपल्या गावात काय चालतं, काय चालत नाही ते तोंडाने सांगा. तुम्ही स्वतः दूरच्या गावी गेलात, तर पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आणि हो, दोरी कोळ्याकडून आणलीत तर आधी सोड्यात उकळा.