बातमीमागचं नाव

मुलुंडच्या श्यामकांत प्रधानांना निनावी गोष्टींचा भारी तिटकारा. बँकेतल्या तीस वर्षांत सहीशिवाय एक कागद त्यांनी पुढे सरकू दिला नव्हता. त्यामुळे मुलीची, सईची, पेपरातली बातमी वाचूनही ते कुरकुरलेच. जवळच्याच एका वृद्धाश्रमात मुदत संपलेल्या गोळ्यांवर नवी लेबलं चिकटवून त्या म्हाताऱ्यांना देतात, असं तिनं लिहिलं होतं. हे सांगितलं कुणी, ते मात्र नव्हतं.

"नाव द्यायची हिंमत नाही, त्या माणसावर विश्वास काय ठेवायचा?"

"गोळ्या मी स्वतः बघितल्यात, बाबा. खात्री केल्याशिवाय छापलं नाही," म्हणत सई कामावर गेली.

दुपारी देवदत्तचा फोन आला. तो श्यामकांतांचा शाळासोबती आणि त्याच वृद्धाश्रमाचा विश्वस्त.

"श्याम, तुझ्या पोरीला कोण भेटलं रे? नाव सांग. आजच्या आज हाकलतो."

श्यामकांतांना नाव ठाऊक होतं! आठवड्यापूर्वी दार त्यांनीच उघडलं होतं. आश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं करणारी माधुरी घाबरीघुबरी होऊन सईला भेटायला आली होती.

"दहा मिनिटांत करतो फोन," ते म्हणाले आणि बायकोकडे वळले. "सांगून टाकतो. खरं बोलली असेल तर भीती कशाची?"

"कशाची?" कुंदाताई उसळल्या. "तिची नोकरी जाईल. मग उद्या तिथं दुसऱ्या कुणाला काही दिसलं, तर तो तोंड उघडेल? आणि काय हो, कुणा म्हाताऱ्याला त्रास झाला का, हे देवदत्तभावजींनी एकदा तरी विचारलं?"

खरंच, नव्हतं विचारलं! श्यामकांत खाली बसले. बँकेत साहेबाची एक लबाडी त्यांनी पाहिली होती, आणि बदलीच्या भीतीनं गिळली होती. ही बाई मात्र बोलली होती!

त्यांनी फोन लावला. "देवा, नाव मी सांगणार नाही. तू आधी औषधांचं कपाट उघडून बघ."

"मैत्री विसरलास?"

"मैत्री आहे म्हणूनच सांगतोय."

देवदत्तनं फोन आपटला. पण तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, आवाज पार उतरलेला. "बघितलं रे कपाट. माझी आई तिथं असती तर? औषध निरीक्षकांना मीच बोलावलंय."

नाव त्यानं पुन्हा विचारलं नाही. माधुरी आजही तिथंच आहे, आणि म्हाताऱ्यांना गोळ्या ताज्या मिळताहेत.

मंडळी, सही करून खरं बोलणं प्रत्येकाला झेपत नाही. जीव मुठीत धरून आपल्या भल्यासाठी कुणी बोललं, तर त्याचं म्हणणं कसून तपासा, पण त्याला उघडं पाडू नका. ते नाव जपणं एकट्या पत्रकाराचं काम नाही, तुमचं-माझंही आहे!