नऊशे बारा दिवस स्वच्छ

आमच्या चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत लिस्टेरिया नावाचा जंतू नऊशे बारा दिवसांत एकदाही सापडला नव्हता. दाराशेजारच्या फळ्यावर साहेब रोज सकाळी स्वतःच्या हाताने आकडा बदलायचे आणि दोन पावलं मागे सरून बघायचे. तपासणी मी करायची, सही माझी, कौतुक फळ्याचं.

त्यातली थोडी ऐट मीही घरी न्यायची. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही आरामात वाढतो, आणि गरोदर बाईच्या पोटात गेला तर तिला नुसती कणकण येते, बाळाच्या मात्र जिवावर बेततं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला मऊ चीज बंद करायला सांगितलेलं. मी म्हणाले, बाहेरचं बंद कर, आमचं खुशाल खा. गेले तीन महिने दर शनिवारी मी एक पाकीट आणि सोबत माझ्या सहीचा अहवाल तिच्या हातात ठेवत होते. ती अहवाल वाचून मान डोलवायची.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "ताई, तो जंतू सापडला तर दिसतो तरी कसा हो?"

मी रुबाबात सुरुवात केली. पंचवीस ग्रॅम चीज पोषक द्रावणात मिसळायचं, दिवसभर उबेला ठेवायचं, मग त्यातलं थोडं दुसऱ्या द्रावणात. जंतू असला तर पिवळसर द्रावण काळंभोर होतं. ते ताटलीवर पसरलं की निळसर-हिरवे ठिपके उठतात, भोवती पांढुरकं कडं. सांगता सांगता माझीच जीभ अडखळली. काळी बाटली मी शेवटची कॉलेजात पाहिली होती. लिस्टेरियाचे निरुपद्रवी भाऊबंदही बाटली काळी करतात, आणि ते तर कुठल्याही मोरीच्या तोंडाशी असतात. अडीच वर्षांत तेही कधी आले नाहीत?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना गाठलं. "एका बाटलीत मुद्दाम जिवंत लिस्टेरिया टाकून बघू या. आपली पद्धत त्याला पकडते का, ते तरी कळेल."

"मुद्दाम? कारखान्यात?" साहेबांचे डोळे विस्फारले. "अहो, ज्याला इतके दिवस उंबरठ्याबाहेर ठेवला, त्याला बोलावून आत घ्यायचं?"

मी ऐकलं नाही. कॉलेजातल्या माझ्या सरांकडून गुपचूप एक कुपी आणली. सरांनी खास जातीचा जंतू दिला. "जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. दुसरीकडे कुठे गेला तर लगेच ओळखू येईल," ते म्हणाले. त्या शनिवारी मी घरी पाकीट नेलं नाही. माल संपला म्हणून थाप मारली. खरं सांगायला तोंड नव्हतं.

दोन दिवसांनी सरांच्या जंतूची बाटली उजेडात धरली. पिवळी, नितळ. इतके जंतू घातले होते, त्यांचा मागमूस नाही.

द्रावणं बनवायचं काम प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांचं. बाटल्या घासताना स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत न थांबणारा माणूस. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. द्रावणात एक औषध घालावं लागतं. ते इतर जंतूंना दाबून ठेवतं, म्हणजे लिस्टेरियाला वाढायला जागा मिळते; जास्त झालं तर मात्र तोही दबतो. प्रमाण लिटरला एक कुपी. काका प्रत्येक पाव लिटरच्या बाटलीत अख्खी कुपी रिकामी करत होते.

"काका, हे चौपट होतंय!"

"होऊ द्या की. जंतू मारायचं औषध ना? त्यात कसला हात आखडता घ्यायचा?"

ओरडणार तरी कुणावर? त्या बाटल्यांच्या अहवालांवर सही माझी होती.

मापात औषध घालून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेला सरांची बाटली काळी झाली. शेजारी ठेवलेली, आमच्या चालू मालाचीही.

ताटल्यांवर ठिपके उठायला आणखी दोन दिवस गेले. मग साहेबांना बोलावून सगळं सांगितलं. ते आधी माझ्यावरच उखडले. "बघा! नऊशे दिवस नव्हता. तुम्ही आणलात आणि आला!"

तर्क बिनतोड होता. मी खोलीतले दिवे घालवले आणि जांभळा दिवा लावला. सरांच्या जंतूची ताटली हिरवीगार चमकली. आमच्या मालाची चमकली नाही.

"म्हणजे हा..."

"आपलाच, साहेब. घरचा."

साहेब स्टुलावर बसले. पण एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं, की पाचव्या मिनिटाला त्यांनी स्वतः फोन उचलून सगळा माल थांबवला. मी पर्स उचलली आणि घराकडे निघाले.

वाटभर मी आठवडे मोजत होते. हा जंतू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला कधीकधी दोन महिनेही लागतात. तीन महिन्यांची पाकिटं मीच तिच्या हातात दिली होती, आणि वर आग्रह केला होता. बाळाला काही झालं तर भावाला तोंड कसं दाखवू, हेच डोक्यात घोळत होतं.

भावजय दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं. तिने माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं.

"ताई, रागावणार नसाल तर सांगते. मी त्यातला तुकडाही खाल्ला नाही. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या होत्या ना."

"अगं, पण अहवाल?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने आणायचात. नाही कसं म्हणायचं? आणि तुमचा भाऊ तर चीजला हात लावत नाही."

मला रडू फुटलं. माझ्या सहीवर कुणी विश्वास ठेवला नाही, याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. डोळे पुसल्यावर सुचलं. "मग ती पाकिटं गेली कुठे?"

ती ओशाळली. "तुमच्या डब्यात. ब्रेडमध्ये लावून द्यायचे. म्हटलं, तुमचा भरवसा आहे, तर तुम्हीच खा. आणि तुम्हीच म्हणायचात, हल्ली डबा झकास असतो."

"मला काय होतंय? धडधाकट आहे मी," मी म्हणाले.

तिने वाद घातला नाही. आतून थर्मामीटर आणून माझ्या जिभेखाली ठेवला, आणि समोर बसून घड्याळाकडे बघत राहिली.