डिचोलीवरचा हिरवा चौकोन

हर्षा मूळची गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या शिरगावची. पुण्यातल्या एका संस्थेत ती संगणकावर पश्चिम किनाऱ्याच्या उद्याच्या हवेचा अंदाज काढायची. वारा, कारखाने, रस्त्यावरची वाहनं असं सगळं गणितात घातलं की नकाशावरचे चौकोन रंगायचे. चांगली हवा हिरवी, वाईट लाल. पावसाळा सोडला तर डिचोलीचा चौकोन लालच असायचा.

त्या चौकोनात तिची आई आनंदी खिडक्या लावून खोकत बसायची, आणि थोरला भाऊ साईश लोहखनिजाच्या खाणीवर ट्रक चालवायचा. एका चवथीला, गणपतीला घरी आली असताना, हर्षानं त्याला नकाशा दाखवला. हा लाल रंग तुमच्या ट्रकांचा, असं ती बोलून गेली.

"त्याच ट्रकार तू शिकलीस," साईश म्हणाला आणि पानावरून उठला. पुढे त्यानं तिचा फोन घेणं सोडलं.

२०१२मध्ये बेकायदा उत्खननावरून गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. संस्थेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून हर्षानं डिचोलीतले खनिजाचे ट्रक गणितातून काढले. त्या हिवाळ्यात चौकोन हिरवा झाला. कित्येक वर्षं तिला हेच हवं होतं. तिनं लगेच घरी फोन लावला. आईनं खिडक्या उघडल्याच होत्या.

"हवा बरी आसा गो बाय," आई म्हणाली. "पूण ती घेवपाक घरात कोण आसा?"

साईश कच्छला ट्रक चालवायला गेला होता. हर्षाला ते तेव्हा कळलं.

मग ती रोज काम आटोपल्यावर कच्छचाही अंदाज बघू लागली. एके दिवशी तिथं धुळीचं वादळ दिसलं. तिनं फोन केला आणि तो साईशनं उचलला. उद्या गाडी काढू नकोस, एवढंच तिनं सांगितलं. मग त्यानं आईचा खोकला विचारला, पोफळी शिंपायला कोण येतं ते विचारलं.

"दादा, तू कधी येतलो?"

"खाणी सुरू जाल्यो की."

फोन ठेवल्यावर हर्षा नकाशासमोर बसून राहिली. ट्रक पुन्हा गणितात घाला, असं कुणी सांगावं, याची आपण वाट बघतोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला आईचा खोकला आठवला.

पुढच्या चवथीला साईश चार दिवसांपुरता आला. दोघांनी मिळून गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली. नकाशाचा विषय कुणी काढला नाही. गणपती पोचवून तो परत गेला. त्याची गाडी वळणाआड गेली तरी आई आणि हर्षा कितीतरी वेळ दारातच उभ्या होत्या.