आधीचे पाळक

बाप्तिस्म्याच्या तयारीला आलेल्या लिफ्टवाल्याला पाळकांनी सगळ्यात सोपा प्रश्न आधी विचारला. "येशू कोण?"

लिफ्टवाला घुटमळला. "त्यांच्याबद्दल मला फारसं माहीत नाही, पाळकसाहेब. प्रार्थनेच्या शेवटी तुम्ही 'येशूच्या नावाने' म्हणता ना, त्यावरून वाटलं, ही संस्था त्यांच्या नावाने असेल. कुणी मोठे देणगीदार. नाहीतर तुमच्या आधीचे पाळक."

पाळक हसले. गडी थट्टा करतोय, असं वाटलं त्यांना. पण तो हसत नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवून, उत्तर चुकलेल्या मुलासारखा तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

धाकटा भाऊ अपघातात गेल्यानंतर तो एकदा सभागृहाची लिफ्ट दुरुस्त करायला आला, गाणी ऐकून थांबला, आणि तेव्हापासून वर्षभरात त्याने एक रविवार चुकवला नव्हता. 'चिंतेला हरवा', 'नाती जोडा', 'जिंकणाऱ्यांची सकाळ' या सगळ्या उपदेशमाला त्याला तोंडपाठ होत्या. बायकोवर खेकसणंसुद्धा त्याने सोडलं होतं.

"अहो, पण वर्षभर आम्ही येशूविषयीच बोलतोय की!" पाळक म्हणाले.

"असेल. माझंच लक्ष नसेल. माफ करा."

त्या 'माफ करा'ने पाळकांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी बायको गाण्याच्या तालमीची तयारी करत होती. चर्चच्या मंडळीत गायन तीच बसवायची. त्यांनी घडलेलं सांगितलं, तशी ती खो खो हसत सुटली. "आधीचे पाळक! कमाल आहे बाई!" मग हसू मध्येच अडकलं. ती गेल्या रविवारची गाणी एकेक करून गुणगुणायला लागली. चौथ्या गाण्याला थांबली.

"अहो, सगळीकडे नुसता 'तू' आहे. तू माझा आधार, तू मला उंच नेशील. 'तू' म्हणजे कोण, ते कुठंच नाही. नवरा-बायकोनं एकमेकांसाठी म्हटलं तरी चालेल!"

"सगळ्या मोठ्या मंडळ्यांत हेच चाललंय," पाळक म्हणाले. म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्याने शरमले.

या वेळी फक्त येशूची गोष्ट सांगणार, असं पाळकांनी कळवलं, तसे मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, दातांचे डॉक्टर, फोनवर वैतागले. "येत्या रविवारी 'सवयींची ताकद'चा दुसरा भाग ठरलाय. लोक वाट बघतायत. आणि येशूची गोष्ट कुणाला माहीत नाही हो?"

"तिसऱ्या रांगेतल्या माणसाला," पाळक म्हणाले.

रविवारी मंचामागचा, एरवी गाण्यांचे शब्द झळकणारा पडदा कोरा होता. गाण्यांच्या वेळी मंचावर धूर सोडणारं यंत्र बंद. पाळक खाली उतरून रांगांसमोर उभे राहिले आणि सुरुवातीपासून सांगू लागले. सवयीने विनोद ओठांवर येत होते. ते गिळत राहिले. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या पंगतीला तो कसा बसायचा, ज्यांना कुणी शिवत नव्हतं, त्यांना तो कसा हात लावायचा, ते सांगितलं. मग मित्रानेच त्याला विकलं ते. मग खोटा खटला. मग खिळे.

"थांबा," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. लिफ्टवाला उभा होता. "मारलं? त्यांना?"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं.

"हो."

"काय केलं होतं त्यांनी?"

"काही नाही."

"आणि ते बरोबरचे? मित्र?"

"पळाले."

लिफ्टवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. "आणि तुम्ही हे इतक्या शांतपणे सांगताय?"

पुढच्या रांगेत डॉक्टरांच्या हातातला कॉफीचा कप तोंडापाशी नेता नेता तसाच राहिला. इथल्या बहुतेकांनी हे लहानपणापासून ऐकलेलं, कित्येकांच्या गळ्यात सोन्याचा क्रूस. पण त्यावर कुणी असं उसळून उठलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"तो मरण टाळू शकला असता," पाळक कसेबसे म्हणाले. "टाळलं नाही. तुझ्यासाठी, माझ्यासाठी. त्या पळालेल्यांसाठीसुद्धा."

लिफ्टवाला मटकन खाली बसला. मग त्याने हळूच विचारलं, "मग?"

"तिसऱ्या दिवशी तो उठला."

"म्हणजे, जिवंत?"

"जिवंत."

"आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा," पाळक म्हणाले, आणि त्यांच्याच अंगावर सर्रकन काटा आला.

सभा संपली तरी मागच्या कॉफीच्या टेबलाकडे कुणी गेलं नाही. लिफ्टवाला शेजारच्या बाईंकडे वळला. त्या विमा कंपनीत होत्या. वर्षभर दोघं बाजूबाजूला बसत.

"ताई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"अख्खं?"

"हो."

"आणि मला बोलला नाहीत? मी भावाचं सांगून इथं रडलो होतो, तेव्हाही?"

पर्स छातीशी धरून बाई तशाच उभ्या राहिल्या.

'सवयींची ताकद'चा दुसरा भाग झालाच नाही. काही कुटुंबं अधिक झगमगाट असलेल्या दुसऱ्या मंडळीत गेली. डॉक्टर कुरकुरत राहिले, पण गेले नाहीत. पाळकबाईंनी निम्मी गाणी बदलली आणि नवी बसवताना दोनदा रडल्या. लिफ्टवाल्याने बाप्तिस्मा लांबवला. "आधी नीट ऐकू तर द्या," म्हणाला.

पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन आला. विमा कंपनीतल्या ताई त्या दिवशी लवकर येऊन जिन्याच्या तोंडाशी थांबल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला, तिला आपल्या शेजारी बसवलं आणि सभा सुरू व्हायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.