दोन टॉर्चमधला फरक

आमच्या ह्यांना टॉर्चचं वेड लागलं तेव्हा मी आधी हसले. पुरुषाला चाळिशीनंतर काहीतरी लागतंच. कुणी मासे पाळतो, कुणी राजकारण करतो. त्या मानाने टॉर्च बरी. खात नाही, पीत नाही, बंद केली की गप्प बसते. पण एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच झाल्या, आणि माझ्या शिवणाच्या खणातून सुया-दोरे हद्दपार होऊन तिथे टॉर्च नांदायला लागल्या, तेव्हा मात्र मी घर डोक्यावर घेतलं. ह्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "अगं, कामाला लागते."

हे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहेत. लिफ्टच्या डब्याच्या डोक्यावर उभं राहून काम करायचं, चारी बाजूंनी भिंती, वर काळोख आणि खाली काळोख. जोडीला माझा धाकटा भाऊ. त्याला कामाला ह्यांनीच लावलं. भाऊ डब्याच्या कडेला वाकून रुळांना तेल देतो, बोल्ट आवळतो. बटणं ह्यांच्या हातात. डबा हलवायच्या आधी भावाचे हातपाय कडेच्या आत आलेत की नाही हे ह्यांनी बघायचं आणि मगच बटण दाबायचं. कारण डबा वर जायला लागला की शेजारून त्याचं लोखंडी वजन खाली येतं, आणि मध्ये जागा असते जेमतेम. ऐकून दाबायचं नाही, बघून दाबायचं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. लग्न झाल्यापासून मला तो पाठ आहे.

तर ह्या खेपेला वेड जरा वरच्या पट्टीत गेलं. दुकानातली टॉर्च नको, खास बनवून घेतलेली हवी, रोज अंगावर बाळगायला. एक लेथवाला आहे, पूर्वी यंत्रांचे सुटे भाग बनवायचा, आता फक्त टॉर्च बनवतो, एका वेळी एकच, गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने. हे मला बळेच घेऊन गेले. गॅरेजएवढी जागा, पायाखाली धातूचा कीस, आणि फडताळात मऊ फडक्यांत गुंडाळून ठेवलेल्या टॉर्च. त्याने ह्यांचा तळहात मोजला, कुठला खिसा वापरता ते विचारलं, बटण कुठल्या अंगठ्याने दाबता तेही विचारलं. माझ्या अंगठीचं माप कधी कुणी इतक्या काळजीने घेतलं नव्हतं. मग त्याने विचारलं, "तुम्हाला लांबचं बघायचंय की आजूबाजूचं?"

"दोन्ही," हे म्हणाले.

"दोन्ही एकीत मिळत नाही, साहेब. मिळत असतं तर मी एकच बनवून निवांत झोपलो असतो." असं म्हणून त्याने दोन पुढे ठेवल्या. एक तांब्याची, जाडजूड; तिचा झोत अरुंद पण लांबवर जाणारा. दुसरी टायटॅनियमची, हलकी, खिशाला अडकवायला पट्टी असलेली. तिचा उजेड रुंद पसरतो आणि त्यात रंग खरे दिसतात, लाल वायर लाल आणि तपकिरी वायर तपकिरी. किंमत ऐकून मला घाम फुटला. आम्ही घुटमळतोय हे बघून तो म्हणाला, दोन्ही घरी न्या, वापरून बघा, नको ती परत आणा.

मग काय, घरात दुसरा विषय नाही. जेवताना दोन्ही ताटाशेजारी. आंघोळीला जाताना एक हातात, एक दाराबाहेर. मी म्हटलं, "अहो, मला पसंत करताना एवढा वेळ नव्हता लावलात." हे म्हणाले, "तेव्हा एकच होतीस समोर." हसलो दोघंही. त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस कुणी हसलं नाही.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकात होते. भाऊ जेवायला येणार होता. ह्यांनी हाक मारली, "अगं, जरा पॅसेजमध्ये ये. आज सोक्षमोक्ष लावू." ह्यांनी सगळ्या खोल्यांची दारं लावून घेतली होती, त्यामुळे दिवसाढवळ्या पॅसेजमध्ये गडद अंधार. मी ह्यांच्या शेजारी उभी राहिले.

"ही तांब्याची." समोरच्या भिंतीवर ताटाएवढा पांढरा गोळा पडला. बाकी सगळं काळोखात.

"आणि आता ही." एकदम अख्खा पॅसेज उजळला. डावीकडे चपलांचं कपाट, उजवीकडे भिंतीला टेकवलेलं इस्त्रीचं टेबल, वर कोपऱ्यात लोंबणारं जळमट. जळमट बघून मलाच लाज वाटली.

हे मात्र वैतागले. "लेथवाला चांगला गंडवतोय. म्हणे रुंद. कुठे आहे रुंद? दोन्हीत काडीचा फरक नाही. उलट ही जरा मिणमिणती. तांब्याचीच घेतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "अहो, ते जळमट दिसतंय की."

"कुठलं जळमट?"

"डावीकडे, वर."

ह्यांनी मान वळवली, बरीच वळवली. "हां, ते होय. दिसलं."

हातातली टॉर्च तसूभरही हलली नव्हती. हलली होती ती फक्त मान. उजेड आधीपासून तिथे होताच. मी माझा हात ह्यांच्या बाजूने पुढे, उजेडातच धरला आणि बोटं हलवली. "मी काय करतेय?"

"काय करणार? उभी आहेस."

"हात कुठे आहे माझा?"

"खाली. का गं?"

मला एकेक आठवत गेलं. दाराच्या चौकटीला आपटून काळेनिळे पडलेले ह्यांचे खांदे, कोपर लागून फुटलेले कप, जिन्यात शेजारणीला दिलेला धक्का. मी ह्यांना धांदरट म्हणायचे. माहेरी जाऊन नक्कल करून दाखवायचे. सगळे पोट धरून हसायचे, आणि हेही हसायचे आमच्यात.

हे तिथेच फरशीवर बसले. टॉर्च बंद केली नाही. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलोय," म्हणाले. "कडेकडून मिटत चाललंय. थांबवता येत नाही म्हणतात. मध्ये अगदी स्वच्छ दिसतं गं, म्हणशील तर सुई ओवून दाखवतो."

"डॉक्टरांनी सांगितलं, तरी टॉर्च घेत राहिलात?"

"मला वाटलं, उजेड कमी पडतोय. डॉक्टरला काय कळतंय लिफ्टच्या शाफ्टमधल्या अंधारातलं? प्रत्येक वेळी वाटायचं, ही नाही, पुढची. पुढचीत कडा दिसतील." हे त्या टायटॅनियमच्या टॉर्चकडे बघत होते. "ही शेवटची होती. हिच्यापेक्षा रुंद कुणी बनवत नाही."

मला ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, आणि त्याच वेळी गदागदा हलवावंसंही वाटलं. "आणि माझा भाऊ? तो कडेलाच वाकलेला असतो ना? त्याला कसं बघता?"

"झोत मारतो त्याच्यावर. बघतो. मगच दाबतो."

"झोत ताटाएवढा आहे. माणूस ताटाएवढा असतो का अहो?"

ह्यांनी माझा हात धरला. "इतक्यात बोलू नकोस कुणाला. घरी बसवतील मला. मला दुसरं काही येत नाही. मी सांभाळतो, वचन देतो." खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं कॉलेज आहे, घराचे हप्ते आहेत. थोडे दिवस गेले तर काय बिघडणार आहे? एवढ्यात दाराची घंटा वाजली. भाऊ आला होता.

मी तोंड शिवून ताटं वाढली. हे टेबलाच्या टोकाला बसले, त्यांच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला मी. भावाने टॉर्च बघितल्या आणि त्याचे डोळे चमकले. दोन्ही हातात तोलल्या, टेबलाखालच्या अंधारात लावून बघितल्या. "भाऊजी, डोळे झाकून ही रुंदवाली घ्या. आपल्याला लांबचं काय करायचंय? भिंत तर हाताशी असते."

"तांब्याची घेतोय," हे म्हणाले.

भाऊ थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, ह्यांच्याकडेही नाही. मग म्हणाला, "घ्या की. हाताला छान बसते ती," आणि शेजारच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी लिफ्टची गोष्ट सांगायला लागला. लिफ्टमध्ये एक बाई कुत्र्यासकट अडकली होती आणि कुत्र्याला आधी बाहेर काढा म्हणून हटून बसली होती. गोष्ट ऐन रंगात असताना ह्यांचा हात पाण्याच्या पेल्याकडे निघाला. पेला अगदी कडेला होता. भावाने बोलता बोलता, तिकडे न बघताच, तो उचलून ह्यांच्या समोर मधोमध ठेवला. ह्यांच्या हाताला पेला लागला, हे पाणी प्यायले. गोष्ट कुठेही अडखळली नाही.

असं बोलता बोलता, न बघता, एका दिवसात जमत नाही. माझा घास हातातच राहिला.

"काय रे," मी विचारलं, "डबा हलवायच्या आधी तू काय करतोस?"

"काय म्हणजे? ओरडतो. हात आत, पाय आत. मग भाऊजी दाबतात."

"पण नियम बघून दाबायचा आहे ना? तू कशाला ओरडतोस?"

"असंच. सवय."

"कधीपासूनची सवय?"

ह्यांनी पेला खाली ठेवला. भाऊ ताटात बोटं फिरवत म्हणाला, "एकदा माझी बाही वजनात अडकून फाटली. हात वाचला. भाऊजींनी माझ्याकडे बघून बटण दाबलं होतं, ताई. सरळ माझ्या तोंडाकडे बघून."

"मला का नाही सांगितलंस?" ह्यांचा आवाज चिरकला. "तू मला म्हणालास, खिळ्याला फाटली."

"काय सांगणार होतो? ज्यांनी मला पोटाला लावलं, त्यांच्याच पोटावर पाय देऊ? आणि ताईचं घर काय हवेवर चालणार होतं?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. "माझं घर तुझ्या हातावर चालवायचं, हे कुणी ठरवलं? मला विचारलंस? तू तिकडे वाकतोस, हे इकडे बटण दाबतात, आणि मी इथे बसून विचारते, भाजी आणखी वाढू का! लाज नाही वाटली दोघांना?" मी ओरडत होते त्या दोघांवर, पण चीड मला माझीही आलेली होती. तासाभरापूर्वी मीसुद्धा गप्प राहायचं ठरवत होतेच की. माझ्या एकुलत्या एका भावाचा हात मी त्या थोड्या दिवसांच्या हिशोबात धरलाच नव्हता.

"अहो, कंपनीतल्या साहेबांना फोन लावा."

"जेवण तरी होऊ दे."

"जेवण कुठे पळून चाललंय? उद्या सकाळी तुम्ही दोघं पुन्हा डब्यावर उभे असाल. आत्ता लावा."

ह्यांनी भावाकडे मान वळवली. तो म्हणाला, "राहू दे ताई, मी ओरडत जाईन अजून जोरात." तेव्हा कुठे ह्यांनी खिशातून फोन काढला. बहुधा त्या वाक्यामुळेच काढला. फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला. पलीकडे टीव्ही चालू होता.

"साहेब, उद्यापासून मला लिफ्टवर पाठवू नका."

"का रे? सुट्टी हवीय का?"

"नाही. मला कडेचं दिसत नाही."

"कडेचं म्हणजे?"

"समोरचं दिसतं. बाजूला माणूस उभा असला तर दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी मिटत जाणार." हे थांबले. "मेहुण्याला दुसरा जोडीदार द्या. बघून दाबणारा द्या."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मला वाटलं, साहेब आता रागावतील. पण ते म्हणाले, "आत्ता घरी एकटा आहेस का? जवळ आहे का कुणी?"

"आहेत," हे म्हणाले, आणि मान वर केली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. आम्ही दोघं ह्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो, हात लांबवला असता तर लागलो असतो इतक्या जवळ. हे हळूच म्हणाले, "आहात ना दोघं?"



"आहोत, भाऊजी," माझा भाऊ म्हणाला.